काचेमागचा अडकित्ता आणि फडताळातली परात

कामं थोडी हलकी झाली की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. आणि सहल म्हटली की आपली ठिकाणं ठरलेली. जेजुरी, आळंदी, ज्योतिबा, नाहीतर अष्टविनायकातले जमतील तेवढे गणपती. देवाला जाऊ नका, असं मी सांगणार नाही. पण एखाद्या वर्षी पुण्याला जा, असं मात्र आज सांगणार आहे. पुण्यात एक असं घर आहे, जिथं सुपारी कातरायचा अडकित्ता, पाय घासायची वज्री, देवघरातली समई आणि शेवया पाडायचा सोऱ्या काचेच्या कपाटात मानानं ठेवलेत. लोक तिकीट काढून ते बघायला येतात. परदेशातूनही येतात.

त्या घराचं नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या लगत, नातूबागेत ते आहे. नाव ऐकून वाटतं, कुणी राजा असेल. तसं नाही. दिनकर गंगाधर केळकर हे १८९६ साली जन्मलेले साधे गृहस्थ. कविता करायचे, ‘अज्ञातवासी’ या नावानं. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहान वयातच गेला, आणि संग्रहालयाला त्यांनी त्याचं नाव दिलं. ‘राजा’ हे पोराचं लाडाचं नाव आहे, हे माहीत असलं की दारावरची पाटी वाचताना वेगळं वाटतं.

केळकरांनी साधारण १९२०च्या सुमाराला वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९९० साली जाईपर्यंत तो नाद सोडला नाही. म्हणजे सत्तर वर्षं. देशभर हिंडले. जुने वाडे मोडत होते, वाटण्या होत होत्या, पितळेची भांडी मोडीत निघत होती, कोरीव दारं चुलीत जात होती. अशा वेळी हा माणूस दारात जाऊन म्हणायचा, ते मला द्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. घरात दर आठ दिवसांनी नवी अडगळ येतेय आणि ती ठेवायला जागा करायची आहे, हे ज्या बाईनं निभावलं, तिचं काम काय असेल ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. पुढं हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज तिथं २०,०००हून जास्त वस्तू आहेत, आणि मांडलेल्या त्यातल्या साधारण २,५००. बाकीच्या आत जपून ठेवलेल्या.

आता तुम्ही म्हणाल, वस्तुसंग्रहालय म्हणजे तलवारी, नाणी, मोडक्या मूर्ती. ते असतंच, आणि इथंही हत्यारं, चिलखतं, चित्रं, वाद्यं आहेत. पण या घराचा खरा जीव वेगळ्या ठिकाणी आहे. जी वस्तू रोज हाताशी लागते आणि तरीही जी सुंदर घडवलीय, तिची कला. आपल्याकडे अशा वस्तूला कुणी कला म्हणत नाही. भिंतीवर टांगलं तर चित्र, देव्हाऱ्यात ठेवलं तर मूर्ती, आणि हातात धरून काम केलं तर नुसतं भांडं. पण विचार करा, ज्या कारागिरानं साध्या अडकित्त्याला पोपटाचा आकार दिला, त्याला तसं करायची गरज काय होती? सुपारी काय, बिनपोपटाच्या अडकित्त्यानंही कातरते.

त्या अडकित्त्यांसमोर जरा थांबाच. एक नाही, दोन नाही, रांगेनं आहेत. पोपटाचे, मोराचे, घोड्याचे, काहींवर स्त्री-पुरुषाची जोडी. त्यातल्या काही जोड्या अशा आहेत की सासूबाई सोबत असतील तर तुम्ही पटकन पुढं सराल. पण बघताना एक लक्षात घ्या. नक्षी कुठं आहे? पात्यावर नाही. पातं साधं, धारदार, कामापुरतं. नक्षी आहे मुठीच्या बाजूला, बिजागरीपाशी, जिथं बोटं टेकतात, डोळा पडतो. चांगल्या कारागिराला हे कळायचं, की शोभा कामाच्या आड येता कामा नये. अडकित्ता पानाच्या तबकात असायचा, तबक पाहुण्यापुढं यायचं, आणि पाहुणा सुपारी कातरता कातरता घराची ऐपत आणि आवड दोन्ही जोखायचा. तबकातल्या चुनाळ्यापासून लवंगेच्या डबीपर्यंत सगळं त्यासाठीच नटलेलं.

दुसरी वस्तू वज्री. तरण्या मुलींना हा शब्दच माहीत नसतो. आमच्या गटाला घेऊन गेले तेव्हा कॉलेजातल्या दोन मुली कपाटापुढं उभ्या राहून पाटी वाचत होत्या आणि त्यांना कळेना, हे पितळी मोर-घोडे नेमके कशाचे. आमच्यातल्या एक सत्तरीच्या आजी पुढं झाल्या, चप्पल काढली, टाच दाखवली आणि म्हणाल्या, "बाळांनो, याच्यासाठी." मग त्यांनी सगळं सांगितलं. अनवाणी चालून टाचेला भेगा पडायच्या, त्यात माती भरायची, भेग दुखायची. मग न्हाताना वज्रीनं टाच घासायची. गरिबाघरी विटेचा तुकडा, नाहीतर खरबरीत दगड, आणि ज्यांना परवडायचं त्यांच्याकडं पितळेची वज्री. खालच्या बाजूला आडव्या-उभ्या रेघांचे चरे, वर धरायला मूठ, आणि ती मूठ म्हणजे मोर, नाहीतर जोडीचे पक्षी. काही वज्र्यांच्या पोटात घुंगराचे खडे असतात, घासताना छुमछुम वाजतात. त्या मुलींनी आजींचं बोलणं फोनवर टिपून घेतलं.

आज मला तुमच्याशी बोलायचंय ते या गोष्टीबद्दलच. पाटीवर काय असतं? वस्तूचं नाव, गाव, शतक. कुठल्याही संग्रहालयात जा, पाटीवर मावतं ते एवढंच. कशी धरायची, कधी काढायची, कुणी वापरायची, सुनेला हात लावायची परवानगी होती का, हे पाटीवर नसतं. ते आपल्या आज्यांच्या, आयांच्या डोक्यात आहे. म्हणून तिथं जाताना "आपण अडाणी, आपल्याला काय कळणार" असं मनात आणू नका. त्या घरातल्या निम्म्या वस्तूंबाबत तुम्हांलाच जास्त कळतं. आणि गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला घरी ठेवून जाऊ नका. गुडघे दुखत असतील तर हळूहळू चढू द्या, दर मजल्यावर बसू द्या. तिच्याविना ही सहल अर्धी.

दिव्यांचं दालन मला सगळ्यांत आवडतं. समया, साखळीनं टांगायचे लामणदिवे, दोन्ही हातांत पणती धरून उभी असलेली दीपलक्ष्मी. यातली नक्षीची ओतीव कामं बहुतेक एकाच रीतीनं करतात. ती समजून घेतली की बघण्यात गोडी येते. आधी मेणाची आकृती करायची, अगदी नाकडोळ्यांसकट. तिच्यावर बारीक मातीचा लेप, मग जाड मातीचा, आणि एक भोक ठेवायचं. वाळलं की तापवायचं. मेण वितळून भोकातून वाहून जातं आणि आत त्याच आकाराची पोकळी राहते. तिच्यात वितळलेलं पितळ ओतायचं. निवलं की माती फोडायची, मग कानसून घासून उजळायची. साचा फुटला, मेण गेलं, म्हणजे तशीच दुसरी मूर्ती पुन्हा होणे नाही. म्हणून दोन दीपलक्ष्म्या शेजारी ठेवल्या तर बघा, एकीची वेणी जाड, एकीचं नाक बसकं, एकीच्या नाकातली नथ मोठी. त्या-त्या कारागिराच्या घरातल्या बायका असणार त्या, असं मला आपलं वाटतं.

आता एक प्रश्न विचारते. या सगळ्या दिव्यांत तेल कुणी घातलं? वाती कुणी वळल्या? काजळी कुणी पुसली? संध्याकाळ झाली की दिवा लावायचं काम घरातल्या बाईचंच. पण त्या बायांची नावं काचेच्या कपाटात नाहीत. कुठून असणार? जुन्या वाड्यातून वस्तू विकत घेताना विकणारा पुरुष, घेणारा पुरुष, आणि जिनं ती पन्नास वर्षं घासली ती कधीच गेलेली.

आणि इथं तुमच्या फडताळाचा विषय येतो. घरी गेल्यावर जुनी परात, तपेलं, घागर, काही राहिलं असेल तर काढा आणि काठ बघा. ठिपक्याठिपक्यांनी काही कोरलेलं आहे का? आपल्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची रीत जुनी आहे. भांड्याच्या दुकानात बसलेला माणूस छोट्या छिन्नीनं टकटक करून अक्षरं उमटवायचा. कुणाला, कुणाकडून, कुठल्या साली. मामाकडून, आत्याकडून, बालमित्रांकडून. एखाद्या परातीवर तुमच्या आजेसासूचं नाव असेल. तेही कदाचित माहेरचं, म्हणजे लग्नात बदललेलं नाव नव्हे, तर आईनं हाक मारलेलं. सातबाऱ्यावर ती बाई सापडणार नाही. घराच्या पाटीवर नाही. वंशावळीत तर नाहीच, तिथं मुलगे आणि त्यांचे मुलगे. पण परातीच्या काठावर ती आहे, सालासकट.

अशी परात आपण काय करतो? दारात मोडीवाला येतो, किलोवर घेतो, त्या बदल्यात स्टीलचा डबा देतो. स्टील हलकं, घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही. बाईच्या पाठीला स्टीलनंच आराम दिलाय, त्यात वाद नाही, आणि पितळेची घागर डोक्यावरून वाहिलेल्या कुणीही तिचं फार कौतुक करू नये. मी म्हणते ते एवढंच, की विकायच्या आधी काठ वाचा. नाव असलं तर वहीत उतरवून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, सासूला विचारा ही कोण. आणि घरात एक तरी नावाचं भांडं राहू द्या. बाकीचं विकायचं तर विका, पण डोळे उघडे ठेवून.

डोळे उघडे म्हणजे कसे, तेही सांगते. तांबं, पितळ आणि कांसं यांतला फरक ओळखा. तांबं लालसर. तांब्यात जस्त मिसळलं की पिवळं पितळ होतं. तांब्यात कथील मिसळलं की कांसं. आपल्याकडं तळपायाला तेल चोळायला जी काशाची वाटी असते, ते कांसं. कथील जस्ताहून महाग, म्हणून कांसंही पितळेहून महाग. ओळखायची सोपी खूण म्हणजे आवाज. वाटी बोटांच्या टोकांवर धरून लाकडाच्या काडीनं टिचकी मारा. कांसं घंटेसारखं लांबवर वाजत राहतं, पितळेचा नाद लवकर विरतो. देवळातल्या घंटा आणि टाळ कांशाचे करतात ते याच गुणासाठी. मोडीवाल्यानं कांशाची ताटली पितळेच्या भावानं तोलली, तर आता तुम्हांला कळेल. वजन आधी घरी करा, किंवा किराणा दुकानात करून घ्या, आणि भाव निदान दोघांना विचारा.

पुन्हा संग्रहालयात येते. एका दालनाचं नाव मस्तानी महाल. बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मस्तानीसाठी कोथरूडला राहतं घर बांधलं होतं. ते घर राहिलं नाही, पण त्याचे भाग उचलून आणून केळकरांनी हे दालन उभारलं. छत, झुंबरं, रंग, सगळं डोळे दिपवणारं. मुली इथं सिनेमाच्या गप्पा मारत उभ्या राहतात, राहू द्या. पण बुंदेलखंडातून आलेल्या ज्या बाईला त्या वेळच्या पुण्यानं घरात घेतलं नाही, तिच्या घराचे खांब आज पुण्याच्या भर पेठेत जपलेत. तिची कबर पाबळला आहे, शिरूर तालुक्यात. आपल्या ऐकणाऱ्यांपैकी काही जणी त्या बाजूच्याच आहेत.

या घराला दोन-अडीच तास तरी द्या. घाईनं सगळे मजले बघण्यापेक्षा चार दालनं नीट बघा. वेळ आणि सुट्टी आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. तिकिटाच्या खिडकीवरच स्वच्छतागृह कुठं आणि फोटोला परवानगी आहे का, हे विचारायचं. बायकांचा गट असला की पहिला प्रश्न हाच असतो आणि तो विचारायला कुणी लाजू नये.

जायचं कसं? एसटीनं स्वारगेटला उतरा. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. स्वारगेटवरून मेट्रोनं पुढचंच स्टेशन मंडई. जमिनीखालून जाते, सरकते जिने आहेत. ज्यांना सरकत्या जिन्याची भीती वाटते त्यांनी लिफ्टनं जावं, त्यात कमीपणा नाही. मंडईला उतरून संग्रहालय चालत जवळच आहे. चालायची सवय असेल तर स्वारगेटहून सरळ पायी निघालात तरी अर्ध्या तासात पोचाल.

आणि नुसतं संग्रहालय बघून परत फिरू नका. त्या भागातले रस्ते म्हणजे त्या कपाटांचाच पुढचा भाग आहे. पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत, शुक्रवार, बुधवार, शनिवार, रविवार, आणि एका पेठेतून दुसरीत तुम्ही कधी शिरलात ते कळतही नाही.

मंडईपासून सुरू करा. महात्मा फुले मंडई १८८६ साली बांधून झाली. मधोमध उंच मनोरा आणि त्याच्या आठी बाजूंना पसरलेली दालनं. तेव्हा तिला एका इंग्रज गव्हर्नराचं, लॉर्ड रे याचं नाव होतं. गंमत अशी, की या मंडईवर एवढा पैसा घालायला जोतिराव फुल्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, हा पैसा शिक्षणावर खर्च करा. त्यांचं कुणी ऐकलं नाही, मंडई झाली, आणि पुढं त्याच मंडईला त्यांचंच नाव दिलं. आत उंच ओट्यांवर भाजीवाले आणि भाजीवाल्या बसतात. त्यांच्याकडं भाव विचारा. आपल्या गावात शेतावरून मेथीची जुडी कितीला गेली आणि इथं कितीला विकतेय, हा हिशेब प्रत्येकीनं एकदा तरी स्वतःच्या कानांनी ऐकावा. आमच्या गटात त्यावरून परतीच्या गाडीत स्वारगेट ते शिरवळ वाद चालला होता.

मंडईजवळच तुळशीबाग. आता तिथं बाजारच दिसतो, पण मुळात ती रामाच्या देवळाची बाग. देवळाचं काम १७६१ साली सुरू झालं, नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी ते बांधलं. बाजारातून वाट काढत आतल्या चौकात शिरलात की एकदम शांत होतं. बाहेर मात्र गौरीचे मुखवटे, खोटे दागिने, रांगोळीचे ठसे, आणि बोटाएवढी पितळी भातुकली. ती भातुकली हातात घेऊन बघा. छोटं घंगाळ, छोटा बंब, छोटं जातं. मोठ्या वस्तू घरातून गेल्या, पण त्यांचे आकार खेळण्यात शिल्लक राहिले. खरेदी मात्र परतताना करा, नाहीतर दिवसभर पिशव्या वाहाल. पर्स पुढं धरा. आणि भाव करायला मी तुम्हांला शिकवू नये.

तुळशीबागेला लागून बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा दिसेल. दुसऱ्या बाजीरावानं तो १८०७च्या सुमाराला बांधला. रस्त्यावरून मान वर करून बघा, लाकडी सज्जा आणि त्याचे खांब. सुरूच्या झाडासारखे, मधे फुगीर, वर निमुळते. संग्रहालयात सुटी दारं, सुटे खांब बघितलेले असतात, ते मूळ जागी कसे दिसायचे ते इथं कळतं.

इथून थोडं पुढं बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचं देऊळ. गणपतीला सगळ्याच जातात. हात जोडून झाले की वळून समोर बघा. तिथं भिडेवाडा होता. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती त्या वाड्यात. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. जुना वाडा फार मोडकळीला आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, राष्ट्रीय स्मारक उभारायचं म्हणून. केळकरांनी कुणाकुणाच्या वाड्यांची दारं गाडीत घालून आणली आणि जपली. ज्या दारातून पहिल्या मुली शाळेत गेल्या त्या वाड्यावर मात्र कितीतरी वर्षं भाडेकरूंची दुकानं आणि कोर्टकज्जे चालू होते. काय जपायचं ते कोण ठरवतं, हा प्रश्न तिथं उभं राहिलं की मनात येतो. बचत गटात रोज सही करणाऱ्या बायांच्या मनात तर यावाच.

पायांत त्राण असेल तर शेवटी कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. वाटेत शनिवारवाडा लागेल, तो दरवाजा बाहेरून बघितलात तरी आज पुरे. तांबट आळी शोधायला पत्ता लागत नाही, जवळ गेलं की आवाज येतो. तांब्यावर हातोडा पडतोय, एका लयीत. पेशव्यांच्या काळापासून तांबट मंडळी या भागात काम करतात. आता घरं कमी राहिली, पुष्कळ आकार यंत्रावर होतात, पण ठोकून चमक आणायचं मठारकाम हातानंच. तांब्याच्या हंड्यावर जे एकसारखे चकाकणारे खळगे असतात, ते मठार. नुसती शोभा नाही ती. तांबं ठोकलं की ताठ होतं, घट्ट होतं, चेपत नाही. फार ठोकलं की तडकू लागतं, मग भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. एक ठोका चुकला तर रांग बिघडते. तो माणूस बोलता बोलता ठोकतो, आणि रांग बिघडत नाही.

संग्रहालयात ‘हात लावू नये’ असं लिहिलेलं असतं. इथं विचारून हात लावता येतो. विचारा, हे करायला किती दिवस शिकावं लागतं, पोरं हे काम करतात का, त्यांच्या घरातल्या बाया कोणतं काम करतात. उत्तर घाईत मिळालं तर रागावू नका, त्यांचा कामाचा दिवस आहे. एखादी वाटी विकत घेता आली तर घ्या. फोटो काढून निघून जाणारे खूप येतात.

एक काम करा. घरात कल्हई उडालेलं पितळेचं एखादं तपेलं असेल तर पिशवीत घालून न्या. पितळेत ताक, चिंच, कोकम ठेवलं की कळकतं, ते आंबट धातूला खातं म्हणून. कल्हई म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं, आणि काळं भांडं बघता बघता चांदीसारखं होतं. आपल्या गावात भाता घेऊन येणारे कल्हईवाले आता दिसत नाहीत. तांबट आळीत विचारा, कल्हई कोण करतं आणि काय घेतं. आमच्या वेळी आम्ही रिकाम्या हातानं गेलो होतो. तुम्ही जाऊन आलात की दर किती सांगितला ते आपल्या कार्यक्रमाला फोन करून कळवा. आणि परातीवर कुणाचं नाव सापडलं तर तेही. ती नावं पुढच्या महिन्यात मी इथूनच वाचून दाखवीन, सालासकट.